मनिषाचे पांढरे उंदीर

बारामतीत उंदरांची वीण थांबवणं आजवर कुणालाही जमलेलं नाही. बाजारातल्या पोत्यांत उंदीर, उसाच्या बांधात उंदीर. एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात नागेश देवकाते स्टोअरकीपर होता, तिथल्या गोदामात तर साहेबलोकसुद्धा आधी दारावर काठी आपटून मगच आत शिरायचे. कुणी न बोलावता, कुणी खाऊ न घालता, उलट विष घालूनही उंदीर वाढत होते. अख्ख्या तालुक्यात उंदरांना पिल्लं होत नाहीत असं घर एकच होतं आणि ते नागेशचं होतं. तिथं त्यांना भिजवलेले हरभरे मिळत, दुधात कालवलेली भाकरी मिळे, अंगाखाली सुती साडीचे मऊ तुकडे मिळत. तरीही नाही.

ही गोष्ट गावभर झाल्याचं नागेशला पिठाच्या गिरणीत कळलं. गिरणीत आवाज फार, त्यामुळं बायका तिथं ओरडून बोलतात. त्यात वीज गेली, पट्टा थांबला, आणि सगळीकडं एकदम शांत झालेलं असताना एका बाईचं अर्धं राहिलेलं वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं.

"त्या देवकात्याच्या घरात उंदरालासुदिक पोरं होत न्हाईत बाई!"

नागेश रांगेत तिसरा होता. त्यानं गव्हाचा डबा उचलला आणि न दळताच घरी आणला.

"दळण?" मनिषानं विचारलं.

"लाइट गेली."

"गेली तर येती की. थांबायचं थोडं."

नागेशनं डबा फळीवर ठेवला. मनिषानंही पुढं विचारलं नाही. तिला ते वाक्य आठवडाभर आधीच नळावर ऐकायला मिळालेलं होतं, आणि नवऱ्याला कळू नये म्हणून तिनं ते गिळलं होतं. आता दोघांनीही गिळलं आणि संध्याकाळी भात केला.

हे पांढरे उंदीर नागेशनं हौसेनं आणले नव्हते. मनिषाच्या पोटातलं तिसऱ्यांदा गेलं, त्यानंतर ती मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसायला लागली. खोलीत एक पत्र्याची पेटी होती. पहिल्या खेपेला तिनं जुन्या सुती साड्या फाडून त्यांची दुपटी शिवली होती, ती त्या पेटीत घडी करून ठेवलेली होती. ती पेटी उघडायची, बघायची आणि लावून टाकायची. नागेशला ते बघवत नसे, पण काय बोलावं हेही सुचत नसे. गोदामात काय कमी आहे आणि काय जास्त आहे हे त्याला बरोब्बर सांगता यायचं. घरातलं मात्र सांगता येत नव्हतं.

शेजारी मानसिंगराव राहत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि जगातल्या कुठल्याही दुःखावर जोडधंदा हाच इलाज आहे असं मानणारे. त्यांच्या सांगण्यावरून कॉलनीत एकानं अळिंबी लावली होती आणि एकानं ससे पाळले होते. अळिंबी कुजली आणि ससे कुत्र्यांनी नेले, पण मानसिंगरावांचा उत्साह जागच्या जागी होता.

"पांढरं उंदीर!" ते म्हणाले. "पुण्यात औषधाच्या प्रयोगाला लागत्यात. पेपरात आलंय. नागेशराव, उंदराला लागतंय काय? एक नर, दोन माद्या आणा. सा म्हैन्यांत तुमाला मोजता यायची न्हाईत."

धंद्याचं नागेशनं फारसं ऐकलंच नाही. घरात काहीतरी जन्माला यावं, मग ते उंदीर का असेना, एवढंच त्याच्या मनात आलं. पुढच्याच रविवारी तो पुण्याहून पिंजरा मांडीवर घेऊन एसटीनं परत आला.

पहिले दोन दिवस मनिषानं तिकडं बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी एक मादी पिंजऱ्यातून निसटली आणि थेट तिच्या पदरात शिरली. मनिषा किंचाळली आणि मग हसली. ते हसणं ऐकून नागेश मोरीतून साबण लागलेल्या तोंडानंच बाहेर आला, कारण त्या घरात ते वर्षभर ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं पाहिलं तर पत्र्याची पेटी उघडी होती आणि पिंजऱ्यात दुपट्याचे तुकडे अंथरलेले होते. खोलीबाहेर जाऊन त्यानं डोळे पुसले.

मनिषानं माद्यांना नावंही ठेवली, म्हाळसा आणि बानू. कान फाटलेला नर होता, त्याला मुकादम.

आता धंदा म्हटला की कागद आला. पुण्याच्या खरेदीदाराला जनावरांच्या डॉक्टरचा दाखला हवा होता, आणि नागेशचं रेशनकार्ड अजून इंदापूरकडच्या त्याच्या गावचं असल्यामुळं त्याला इंदापूरला पाठवण्यात आलं. तिथल्या एका कचेरीत साहेबांनी भिंतीवरचा तक्ता बोट लावून वाचला. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी, वराह.

"उंदीर न्हाय," साहेब म्हणाले. "उंदीर पलीकडच्या टेबलाला बघत्यात."

पलीकडच्या टेबलावरचे गृहस्थ फार अगत्याचे होते. नागेशनं "उंदरांसाठी आलोय" एवढं म्हणताच त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि विषाची पुडी हातात ठेवली. त्यांच्याकडं उंदीर निर्मूलन सप्ताह चालू होता.

"मोफत हाय. लाजू नका, आनखी एक घ्या."

"साहेब, मला मारायचे नाहीत, वाढवायचे आहेत," नागेश म्हणाला.

गृहस्थांनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "घरी कोन कोन असतं तुमच्या?" शेवटी त्यांनी एक उपयोगाची गोष्ट सांगितली. तिथल्या कॉलेजात राजेश्वरी मॅडम म्हणून प्राणिशास्त्र शिकवतात, त्यांचं शिक्षणच उंदरांवर झालंय. नागेशनं नाव लक्षात ठेवलं आणि अपमान झाल्यासारखा ताठ चालत बाहेर पडला. पुड्या त्यानं गोदामात देऊन टाकल्या. गोदामातल्या उंदरांना काही झालं नाही.

इकडं म्हाळसा आणि बानू खाऊनपिऊन गुबगुबीत झाल्या, पण पिल्लांचं नाव नव्हतं. मानसिंगराव रोज सकाळी पेपर घेऊन बघायला येत आणि मान हलवत. पिंजरा पूर्वेला ठेवा म्हणाले, ठेवला. फिनेलनं धुवा म्हणाले, धुतला. तेवढ्यात गावाकडून नागेशची आई, भागूबाई, आली.

भागूबाईची उमर धनगरांच्या वाड्याबरोबर, मेंढरांमागं गावोगाव चालण्यात गेली होती. शेवटची मेंढरं विकून थोरल्या मुलानं ऊस लावला त्याला बरीच वर्षं झाली, पण जनावर दिसलं की तिची नजर अजून आधी त्याच्या पोटाकडं जायची. ती पिंजऱ्यासमोर उकिडवी बसली.

"नर कमजोर हाय," ती म्हणाली. "बदल त्यो. आपल्या वाड्यावर दोन पावसाळं झालं का मेंढा बदलायचो आमी. नवा मेंढा आला का कळप कसा उठून हुबा राहतो बघ."

देवकात्यांच्या घराण्यात शास्त्र म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं, आणि नागेशनं ते डोळे मिटून मानलं. फक्त मेंढ्याची दोन वर्षं म्हणजे उंदराचे किती दिवस हा हिशोब त्यानं स्वतःच केला, आणि तो आठवडा आला. दर रविवारी तो पुण्याहून नवा नर आणू लागला. जुन्याला टाकवेना, म्हणून त्याला शेजारी दुसरा पिंजरा केला. मग तिसरा, चौथा. नवा नर आला की बदली होऊन आलेल्या साहेबानं आधी दारावर पाटी लावावी तसा चारी कोपऱ्यांत मुतून घ्यायचा. ते हुंगून शेजारचे खवळायचे आणि तेही आपापल्या पाट्या नव्यानं लावायचे. खोलीला असा काही वास सुटला की मानसिंगरावांच्या घरात उदबत्तीचा खर्च वाढला. सल्ला त्यांचाच असल्यामुळं तक्रार मात्र करता येईना.

भागूबाई त्या खेपेला चार दिवस राहिली. एका दुपारी ती जोंधळे निवडत होती आणि मनिषा भाजी चिरत होती.

"मेंढीचं बी तसंच असतंय," भागूबाई म्हणाली. "दोन-तीन येळा वाया गेली का..." आणि ती थांबली.

"इकायची. व्हय ना, आत्या?" मनिषा म्हणाली. चिरणं थांबलं नाही. "उंदरात नर बदलायचा आन् मान्सांत बाई. ही कुठली रीत?"

"मी तुला जा म्हनलं का? तू हायसच. खंडोबानं बी दोन केल्याच की."

"म्हणून तर नावं ठिवली मी दोघींची. दोघीबी एकाच पिंजऱ्यात हायत."

नागेश उंबऱ्यातच उभा होता. तो म्हणाला, "उंदरांचं पाणी संपलं वाटतं," आणि वाटी घेऊन मागं गेला. घरात असं बोलणं निघालं की उंदरांना हटकून तहान लागायची. त्याची बायकोवर माया नव्हती असं नाही. पण आईला नाही म्हणायचा शब्द त्याच्या तोंडातून आजवर एकदाही निघाला नव्हता, आणि न म्हटलेला शब्द ऐनवेळी सापडत नाही. मनिषा वाट बघायची तेवढीच, त्यानं एकदा तो शब्द म्हणावा याची.

गिरणीतला प्रसंग झाला तो यानंतर. तेव्हा मात्र नागेश इंदापूरला जाऊन राजेश्वरी मॅडमना भेटला, आणि एका रविवारी त्या कुठल्याशा लग्नाला बारामतीत आल्या होत्या, तेव्हा त्याच्या घरीही आल्या. दारातच त्यांनी नाक मुरडलं.

"नर किती आहेत?"

"सहा," नागेश अभिमानानं म्हणाला. "दर आठवड्याला बदलतो."

"का?"

"आमच्यात मेंढा बदलतात."

मॅडम हसल्या, पण चांगलं हसल्या. मग खुर्ची ओढून समजावून सांगायला बसल्या. म्हणाल्या, उंदरांचं जग वासाचं असतं. कोण आपला, कोण परका, कोण दांडगा, कोण माजावर आलीय, सगळं त्यांना मुताच्या वासावरून कळतं. मादी गाभण राहिली की तिच्या नराचा वास तिच्या ओळखीचा झालेला असतो. त्या पहिल्या चार दिवसांत परक्या नराचा वास आला, तर पोटातलं टिकत नाही. नर दिसायलाही लागत नाही, त्याच्या पिंजऱ्यातला नुसता भुसा पुरतो.

"तुमच्या या दोघी किती वेळा गाभण राहिल्या असतील कोण जाणे," मॅडम म्हणाल्या. "आधी तुमचं ते फिनेल आणि हलवाहलव, आणि मग दर रविवारी तुम्ही नवा नर आणत होतात."

नागेश खाली बघत राहिला. मनिषा चहाचा ट्रे हातात घेऊन दारातच उभी होती.

"म्हंजे म्हाळसाची काई चूक न्हाय?"

"तिची कसली चूक? तिला कुणी शांत राहूच दिलं नाही."

"आन् बानूची?"

"तिचीही नाही."

मनिषानं ट्रे ठेवला. "आन्..." ती म्हणाली, आणि पुढं तिला बोलता येईना. मॅडमना ते कळलं. त्यांनी आपला आवाज मऊ केला.

"माणसांचं तसं नसतं. माणसांत पोटातलं वासानं जात नाही, कुणी आलंगेल्यानं जात नाही. त्याची कारणं वेगळी असतात, आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही सापडत नाहीत. पण चूक तिथंही बाईची नसते."

मनिषानं पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं डॉक्टर झाले, देवऋषी झाले, नवस झाले, आणि हे एवढं एक वाक्य तिला उंदरांच्या मास्तरीणबाईंकडून मिळालं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

परके नर मॅडमच्या कॉलेजात गेले. राहिला फक्त फाटक्या कानाचा मुकादम. नागेशनं पिंजरा स्वतः साफ केला, फिनेल बंद केलं, आणि खोलीच्या दारावर पुठ्ठ्याची पाटी लावली, 'आत येऊ नये. शांतता राखा.' मानसिंगरावांना त्यानं पेपरासकट दारातूनच परत पाठवलं. ते रागावले आणि दुसऱ्या गल्लीत गांडूळखताचा सल्ला द्यायला निघून गेले.

पुढं काही आठवड्यांनी मनिषा नागेशला म्हणाली, "दोन म्हैनं घरात कुणी पाव्हणं नको हं."

"बरोबर," नागेश म्हणाला. "उंदरांना वास नको परका."

ती त्याच्याकडं जराशी बघत राहिली. "व्हय," ती म्हणाली. "उंदरांस्नी."

नागेश त्या दिवसांत उंदरांच्या बाबतीत फार हुशार झाला होता. बायकोला कशाचा वास सहन होत नाही, फोडणी देताना ती तोंड का फिरवते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आणि तिनंही सांगितलं नाही. तीन वेळा तिनं सांगितलं होतं, आणि तिन्ही वेळा घर माणसांनी भरून गेलं होतं.

मग मानसिंगरावांच्या फोनवर भागूबाईचा निरोप आला. आपली पाव्हणी मंडळी दवाखान्याच्या कामाला बारामतीत येत्यात, जेवायला घरीच येतील. संगं त्यांची पोरगी बी हाय. पोरगी कशासाठी येतीय ते नागेशला कळलं. तो फोन धरून उभा राहिला, तो शब्द शोधत राहिला, आणि म्हणाला, "या."

जीप आली. तीतून भागूबाई उतरली, पाहुणे म्हणजे पोरीचे वडील उतरले, त्यांची बायको उतरली, दोन भाऊ उतरले, आणि शेवटी मान खाली घातलेली एक पोरगी. पाहुण्यांनी अंगाला अत्तर असं चोपडलं होतं की ते येण्याआधी तो वासच घरात शिरला. नागेशला आधी पिंजरा आठवला. म्हाळसा त्या आठवड्यात जड दिसत होती. त्यानं तडक खोलीचं दार लावलं, दाराच्या फटीत टॉवेल खुपसला, आणि पाठ लावून तिथंच उभा राहिला.

दिवसभर तो तिथून हलला नाही. पाहुण्यांनी ऊस विचारला, कारखाना विचारला, पगार विचारला, त्यानं उभ्यानंच उत्तरं दिली. स्वयंपाकघरात मनिषा एवढ्या माणसांच्या पोळ्या लाटत होती. नळाला पाणी नव्हतं म्हणून कोपऱ्यावरच्या हापशावरून कळशा आणत होती. त्याच्यासमोरून ती कळशी घेऊन तीनदा गेली. तो तिच्याकडं बघून आश्वासक मान हलवायचा, म्हणजे काळजी करू नको, मी दार सोडत नाही.

जेवणं झाली आणि पाहुणे हात पुसत त्याच्याजवळ आले.

"बघू तरी तुमचं उंदीर!"

"नको," नागेश म्हणाला. "तुम्हाला वास येतो."

पाहुण्यांचा हात पुसता पुसता थांबला.

"काय?"

"म्हणजे परका वास आहे तुम्हाला. आतल्यांना तो सोसायचा नाही. तुम्ही जरा अंगणात बसलात तर बरं होईल. सगळेच."

अर्ध्या तासात जीप निघाली. "आमचा वास येतोय म्हनं!" पाहुणे गल्ली संपेस्तोवर ओरडत होते. मान खाली घातलेली पोरगी तेवढी हसल्यासारखी दिसली. भागूबाई कपाळाला हात लावून अंगणात बसली. नागेशची छाती मात्र फुगली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणाला तरी नको म्हटलं होतं, आणि एका नकोमध्ये उंदीरही वाचले होते आणि बायकोही. हे तिला सांगायला तो स्वयंपाकघरात गेला.

मनिषा ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. तिनं भिंत धरली होती.

"मनिषा?"

"रिक्षा बोलवा," ती म्हणाली.

दवाखान्याच्या बाकावर भागूबाई गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. "मला का सांगितलं न्हाय रं?" ती परत परत म्हणत होती. "मला ठावं असतं तर मी पाऊल टाकलं असतं का? चालत्या वाड्यात माझी दोन गेली, नागू. रस्त्याच्या कडंला. कुनी थांबलं न्हाय, मेंढरं म्होरं गेल्ती."

नागेशला हे ठाऊक नव्हतं. त्यानं आईचा हात हातात घेतला, आणि मग तो शब्द, इतकी वर्षं न सापडलेला, सहज त्याच्या तोंडातून आला.

"न्हाय, आये. आता दुसरी न्हाय. पोर झालं तरी हीच, न्हाय झालं तरी हीच. परत कुनाला आनू नको."

"न्हाय आनत," भागूबाई म्हणाली.

हे ऐकायची ज्या माणसाला गरज होती ते आत गुंगीत होतं.

मनिषा रिकाम्या ओटीनं घरी आली त्याच्या आदल्या दिवशी म्हाळसाला पिल्लं झाली होती. नागेशला ते तिला सांगावंसं वाटेना आणि लपवताही येईना. तिनं आपणहून मागच्या खोलीचं दार उघडलं. दुपट्याच्या तुकड्यांत गुलाबी, आंधळी, बोटाच्या पेराएवढी पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत होती. मनिषा पिंजऱ्यासमोर बसली. नागेश तिच्याशेजारी बसला.

एक पिल्लू कापडाबाहेर घरंगळलं होतं. नागेशनं हात पुढं केला.

"नका," ती म्हणाली. "दवाखान्याचा वास हाय हाताला."

तिनं स्वतःचा हातही नाकाशी नेला आणि परत मांडीवर ठेवला. म्हाळसा उठली, पिल्लू तोंडात धरून तिनं आत नेलं.

"मी चुकीच्या दारात हुबा हुतो, मनिषा," नागेश म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. "मीच आनली ती मानसं घरात. मीच या म्हनलं."

मनिषा पिल्लांकडंच बघत होती.

"मॅडमनी काय सांगितलं?" ती म्हणाली. "मान्सांचं तसं नसतं. कुणी आलंगेल्यानं जात न्हाय. ऐकलंय न्हवं तुमी?"

"ऐकलंय."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि दोघंही हात मांडीवर ठेवून लांबूनच बघत बसले.